काचेमागचे शेंगदाणे

ताप उतरला, पण जाताना माझ्या नाकातला वास घेऊन गेला. पहिले काही दिवस मी मनावर घेतलं नाही. येईल परत, जातोय कुठं, असं म्हणत राहिले. डॉक्टर म्हणाले, येईलही, कदाचित येणारही नाही. असलं उत्तर मलाही देता आलं असतं, त्यासाठी एवढं शिकायला कशाला लागतं?

नाक गेल्यावर कळलं, की मी आयुष्यभर स्वयंपाक नाकानं केला होता. फोडणीकडं पाठ करून कणीक मळायची आणि लसणाचा वास बदलला की मागं वळायचं, ही माझी रीत. शेंगा चटणी तर सगळी वासावरच. सोलापुरात ती घरोघरी होते, पण आमच्याकडची न्यायला पाहुणे रिकामा डबा घेऊनच यायचे. मला त्याचा गर्व होता, आणि का नसावा? सगळी मेख दाणे भाजण्यात असते. जरा आधी उतरवले तर कच्चट, जरा उशीर झाला तर कडू. ती मधली वेळ मला वासानं कळायची.

आता कळेना. लसूण जळायला लागला. दूध खाली लागलं ते यांनी हॉलमधून ओरडून सांगितलं. माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्या म्हणते, गुडघ्यांमुळं ओट्याशी उभ्या राहू शकत नाहीत. नणंद फोनवर म्हणाली, "वहिनी, स्वयंपाकाला बाई लावा की आता." चांगल्या मनानंच म्हणाली, पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हे स्वयंपाकघर माझ्या हातात आहे तोवर मी मी आहे. तेच गेलं तर काय करू, टीव्ही बघत बसू? या धास्तीनं माझी झोप उडाली.

मग यांनी इलेक्ट्रिक ओव्हन आणला. आमच्या घरात केक कुणी करत नाही, त्यामुळं मी वैतागलेच. हे म्हणाले, "वास येत नाही ना? याला काच आहे, आत दिवा आहे. बघत बस."

बटणं तीन. एक तापमानाचं, एक वेळेचं आणि एक आच कुठली हवी ते ठरवायचं. वरचा रॉड, खालचा रॉड, दोन्ही, किंवा दोन्हीसोबत पंखा. पहिल्यांदा लावला तेव्हा आम्ही तिघं समोर खुर्च्या टाकून बसलो. आच म्हणजे काय, हे सोलापूरच्या माणसाला कुणी सांगायला नको. तरी तो राखाडी रॉड बघता बघता आतून लाल होत गेला, ज्वाळा नाही, धूर नाही, आवाज नाही, तेव्हा आत्यांनी नकळत हात जोडले. मी हसले नाही. माझ्याही अंगावर काटा आला होता.

आणि दुसऱ्याच दिवशी मी माती खाल्ली. कढईत ओतावेत तसे दाणे ट्रेमध्ये ढीग करून ओतले आणि तो लाल रॉड डोळ्यांत भरला होता म्हणून फक्त वरचीच आच लावली. कढईत आपण उलथनं फिरवतो, इथं कुणी फिरवणार नाही, हे डोक्यातच आलं नाही. वर सवयीनं पाठ करून लसूण सोलायला बसले. आत्या भिंत धरत धरत देवघरातून आल्या, "अगं, जळालं की गं सगळं." वरचे दाणे कोळसा, खालचे कच्चे. घर धुरानं भरलं होतं आणि मला कशाचा म्हणून वास नव्हता. ओट्याशी उभी राहून मी रडले. आत्या एवढंच म्हणाल्या, "त्याच्याकडं पाट करू नगंस. तोंड करून बस."

मग मी तोंड करून बसले. एकेक आच वेगळी लावून बघितली. खालच्या आचेवर शिळी भाकरी ठेवली, ती कडेनं वाळत वाळत कडक भाकरीसारखी मोडायला लागली. वरच्या आचेखाली पापड ठेवला. पापड भाजताना आजवर माझं लक्ष चिमट्याकडं आणि बोटांकडं. आता बघितलं तर त्याच्यावर एक बारीक फोड उठला, शेजारी दुसरा, आणि बघता बघता सगळा पापड भरून गेला. पंखा लावला की गरम हवा आत फिरते आणि कोपऱ्यातला दाणाही मधल्याइतकाच तापतो. विस्तव खालूनच असतो, हे मी जन्मापासून धरून चालले होते. तो वरूनही येतो, वाऱ्याबरोबर चहूकडून येतो, हे या वयात बघून मी थक्क झाले.

एका सकाळी दाणे एकावर एक येणार नाहीत असे पसरले, दोन्ही रॉड आणि पंखा लावला, आच मध्यम ठेवली. शेजारी आत्या. बराच वेळ काहीच नाही. मग सालांवर ओलसर चकाकी आली, दाण्यांना घाम फुटल्यासारखी. ती विरली. सालं ताणली, गुलाबी रंग विटकरी झाला. एक साल तडकलं आणि आतला पिवळसर दाणा दिसला, मग दुसरं तडकलं. इतकी वर्षं हे माझ्या पाठीमागं होत होतं आणि मी एकदाही बघितलं नव्हतं.

आता काढायचे, असं डोळ्यांनी सांगितलं. मी बटण बंद करून दार उघडलं. तोंडावर गरम हवा आली, नुसती गरम हवा. वेळ साधली की चुकली, कसं कळावं? मी आत्यांकडं बघितलं. त्यांनी माझ्या कुठल्याही पदार्थाला आजवर चांगलं म्हटलेलं नाही.

"आत्या, वास कसा येतोय, सांगा की."

त्या गोंधळल्या. वास कुणी कधी सांगतं का? त्यांनी डोळे मिटून श्वास घेतला, परत एकदा घेतला.

"तुजा येतोय," त्या म्हणाल्या. "तू हितं नांदायला आलीस तवापासनं या घराला येतोय, त्योच."

मी ट्रे ओट्यावर ठेवला आणि त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसले.

"अजून सांगा," मी म्हटलं.