कासवाच्या तोंडची पिशवी

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. आमच्या चौथीच्या वर्गात समुद्र कुणीच पाहिला नव्हता. आमचं पाणी म्हणजे कराडच्या खालची कृष्णा. बाई मात्र कोकणातल्या, कोळ्याच्या घरातल्या. दिवाळीच्या सुट्टीहून आल्या त्या एक गोष्ट घेऊनच. त्यांच्या किनाऱ्यावर मेलेलं कासव सापडलं होतं आणि त्याच्या तोंडात प्लॅस्टिकची पिशवी. खाणं समजून गिळायला गेलं बिचारं.

"आपण याचं नाटक करू," बाई म्हणाल्या. जुनं धोतर निळीत बुडवून समुद्र झाला, पुठ्ठ्याचे मासे झाले. पाठीवर भाकरीची बुट्टी पालथी बांधून कासव झाले मी. आता कुणी टाकून दिलेली एक पिशवी हवी होती. सगळं गाव पालथं घातलं, मिळेना. मिळणार कशी? शहरातनं आलेली पिशवी आमच्याकडं धुऊन, दोरीवर वाळवून, घडी घालून ट्रंकेत जायची.

आमच्या घरी तशी एक होती, लाल गुलाबांची. फौजेतल्या मामानं तिच्यातनं आईला लुगडं आणलं होतं. मी फार हट्ट केला तेव्हा आई म्हणाली, "ने. पर जशी जाईल तशी घरी आली पायजे. न्हाईतर तूबी येऊ नगंस."

नाटकाला आया दारात दाटीवाटीनं उभ्या. बाईंनी एका हातात पिशवी घेतली आणि दुसऱ्या हातात कात्री. तिच्या झिरमिळ्या करून समुद्रात सोडायच्या होत्या. मी ओरडायच्या आत अख्खा वर्गच ओरडला, "बाई, कापू नगा!" कासवासाठी कुणी इतकं कळवळलं नव्हतं. बाईंना हसू आवरेना. त्यांनी कात्री ठेवून दिली.

मग मी अख्खी पिशवी दात न लावता नुसत्या ओठांत धरली आणि मेले. मेल्यावरही एक डोळा पिशवीवरच होता. टाळ्या पडताच कासव उठलं, पिशवी पुसली आणि आईच्या हातात दिली. आईनं ती उजेडाला धरून नीट तपासली.

"आवं बाई, असली पिशवी पाण्यात टाकणारी माणसं हायती तरी कसली?"

बाई धोतराच्या समुद्राची घडी घालू लागल्या.

आता आई थकलीय. परवा पूर ओसरल्यावर तिला घाटावर नेलं. काठच्या बाभळींना फांदीफांदीवर पिशव्या लटकत होत्या. आईनं त्यातली एक हातानं चाचपून पाहिली. मग मला म्हणाली, "एवढ्या कुनाच्या गं हरवल्या?"