सुरमाचं कोरं पान

शाळेत खिचडी वाटप चालू होतं तेव्हा संदीपचा फोन आला. मंठ्याच्या एका शाळेत मी भूगोल शिकवते, आणि त्या आठवड्यात मधल्या सुट्टीतली रांग सांभाळणं माझ्याकडे होतं. "वंदना, शाहीन गेली," तो म्हणाला. डेंग्यूचा ताप, जेमतेम पाच दिवस. मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. शेवटच्या मुलीच्या ताटात खिचडी पडेपर्यंत तिथेच उभी राहिले, पुढे ढकलणाऱ्या दोघांना रागावलेसुद्धा. मग स्टाफरूममध्ये जाऊन बसले. तिला ताप आहे हेही मला माहीत नव्हतं... तिला जाऊन आज सहा आठवडे झाले.

शाहीन मला कॉलेजात भेटली. मी बदनापूरहून रेल्वेनं जालन्याला यायचे, ती जुन्या जालन्यातून चालत. भूगोलाच्या तासाला ती वहीच्या मागच्या पानावर एक बाई काढत बसली होती. उंच, सावळी, डोळ्यांत सुरमा, कपाळावर आठ्या. मी विचारलं, ही कोण? "बाई न्हाई, देश हाय," ती म्हणाली. "सुरमा नाव हाय तिचं. नदी न्हाई तिच्यात, नुसत्या खोल विहिरी. म्हणून जरा चिडकी हाय. तिला शेजारीण पाहिजे. तू होती का?" मी त्याच तासाला बेलाई झाले. अंगातून नदी वाहणारी, सदा घाईत असणारी, बडबडी. दोन देश, दोन बायका, आणि मध्ये एक लांबडी वही. वही एक दिवस तिच्याकडे राहायची, एक दिवस माझ्याकडे. पुढे संदीप आला, त्याचा देश गोदामपूर, ढेरपोट्या शेठ. नंतर मोबाईलवर ग्रुप निघाला, पुण्या-नागपूरचे आणखी चौघे आपापले देश घेऊन आले. पण वही आम्हा दोघींचीच राहिली.

खेळ म्हणाल तर पोरखेळ. पण शाहीनचे नियम म्हणजे काय विचारता! देशाची शंभर वर्षं म्हणजे माणसाची दहा, त्यामुळे चारशे वर्षांची सुरमा चाळिशीची आणि तीनशेची माझी बेलाई तिशीची. दुष्काळ पडला की देशाचे ओठ फुटलेले दिसले पाहिजेत. लढाई केली तर आपलाही एक हात मोडतो, आणि तो पुढची वीस पानं गळ्यात बांधून हिंडायचं. सीमा पेन्सिलीनं काढायची, शाईनं नाही. आणि भांडण कितीही पेटलेलं असो, शेजारीण तहानलेली आली तर पाणी द्यायचंच. मी कंटाळून म्हणायचे, अगं खेळच आहे ना. त्यावर ती म्हणायची, "खेळ हाय म्हणूनच कायदे पाहिजेत. खऱ्या देशांचं बघून राह्यली ना तू?"

आमच्यात एक रिवाज होता. आपलं लिहून झालं की शेवटी दुसरीला प्रश्न विचारायचा, आणि उत्तराला जितकी जागा लागेल असं वाटतं तितकी कोरी सोडायची. मी चार ओळी सोडायचे. ती नेहमी अख्खं पान सोडायची. "एवढ्याशा जागेत माझी सुरमा बसणार न्हाई, वंदू. जरा सरक ना," असं म्हणून ती समासात आडवं लिहीत जायची. तिच्या पानावर मात्र माझं उत्तर वरच्या कोपऱ्यातच संपायचं. आता ती पानं उघडली की तो खालचा मोकळा भाग बघवत नाही.

एकदाच खरं भांडण झालं, आणि चूक माझी होती. बेलाईला सुरमाच्या डोंगरातून वाट हवी होती. शाहीनचं उत्तर येईपर्यंत मला धीर निघेना, म्हणून मीच लिहून टाकलं, 'सुरमानं हसून मान हलवली.' शाहीननं वाचलं आणि वही मिटली. "मान माझ्या सुरमाची हाय. तू कशी काय हलवली?" मी हसले, तशी ती उठून गेली. तीन आठवडे बोलली नाही. मी तिच्या दुकानावर गेले, तिच्या अब्बांचं कापडाचं दुकान होतं, वर घर. ती म्हणाली, "माझ्या तोंडी कुणी बी शब्द घालतं वंदू. घरचे घालतात, बघायला येणारे पाव्हणे घालतात. एक सुरमाच होती, जी फक्त मी सांगितलं तेच बोलायची." त्या दिवशी सातवा नियम लिहिला गेला. दुसऱ्याच्या देशाच्या तोंडी शब्द घालायचा नाही, त्याची मानही हलवायची नाही.

अकरावा नियम तिच्या दादाजानचा. नव्वदीला टेकलेले, पण कान तिखट. आम्ही नकाशातून गेलेल्या देशाचं काय करायचं यावर वाद घालत होतो. ते पलंगावरून म्हणाले, "मी रियासतीत जन्मलो. रियासत गेली. मी तर हितंच हाय. मंग गेलं कोन?" शाहीननं ते लगेच कायद्यात बसवलं. देश मरत नाही. तो नकाशातून गेला तर शेजाऱ्यानं त्याची एक सवय उचलायची आणि जन्मभर पाळायची. कोणती, ते शेजाऱ्यानंच ठरवायचं.

मग माझी नोकरी, लग्न, मंठा. शाहीननं लग्न केलं नाही. दुकानाच्या एका कोपऱ्यात फॉल-पिकोचं मशीन टाकलं आणि त्यावर घर चालवलं. वही हळूहळू दोन महिन्यांनी, चार महिन्यांनी फिरू लागली. शेवटी तर तिचं लिहून होऊन आठ महिने झाले होते. ती निरोप धाडायची, "वही घेऊन जा गं, तुझा नंबर हाय." मी म्हणायचे, येत्या रविवारी नक्की. मंठ्याहून जालना काही परदेश नाही. मी गेले नाही, एवढंच खरं.

गेले ते ती गेल्यावर. तिच्या अम्मींनी मशीनच्या खणातून वही काढून दिली. "तापात बी म्हणत होती, वंदू येईल, वही तिला द्या. मी म्हटलं, बिलकुल देते, तू आधी बरी तर हो." एवढं बोलून त्या फॉलची रिळं रंगावार लावत बसल्या. मला रडू आवरेना. त्यांनीच उठून मला पाणी दिलं.

इकडे संदीप मागे लागलेला. "ग्रुपवर सगळे विचारून राह्यले, सुरमाचं काय करायचं? तू शेजारीण हाईस. तिचा निरोपाचा एक परिच्छेद तू लिही ना. तुझ्याइतकं तिला कोन वळखतं?" तो मनापासूनच म्हणत होता. मी पेन घेऊन बसलेही. 'सुरमा म्हणाली' इतकं लिहून थांबले. काय वाटेल ते लिहिता आलं असतं. वंदू, मी रागावले नाही, असंही लिहिता आलं असतं. तेच एक वाक्य मला हवं होतं, आणि तेच मला लिहायची बंदी होती. ते दोन शब्द मी एका रेघेनं खोडले. संदीपला सांगितलं, सवय उचलेन, पण तिच्या वतीनं बोलणार नाही.

सवय कोणती, हे ठरवायला मी टाळाटाळ करत राहिले. ठरवलं की ती नकाशातून गेली, हे मीच मान्य करणार होते.

गेल्या रविवारी दुपारी शेवटी वही उघडली. तिनं कधीचं लिहून ठेवलेलं अक्षर, आणि खाली सुरमाचा प्रश्न. 'बेलाई, हल्ली तुझा आवाज येत नाही. नदी आटली का गं?' त्याखाली, नेहमीसारखं, अख्खं कोरं पान. मी लिहायला बसले. रविवारांबद्दल लिहिलं, खिचडीच्या रांगेबद्दल लिहिलं, नदी आटली नव्हती, मीच दुसरीकडे वळले होते, हे लिहिलं. पहिल्यांदाच तिचं पान मला पुरलं नाही, समासात आडवं लिहावं लागलं.

मग रिवाजाप्रमाणे मी प्रश्न विचारला. 'सुरमा, तिकडे पाणी पुरतंय का?' सवयीनं चार ओळी मोजल्या आणि पेन पुढे नेलं. तिथेच थांबले. पान उलटलं, आणि ते वरपासून खालपर्यंत कोरं सोडलं.

वही माझ्या टेबलावर आहे. नंबर तिचा आहे.