लिहिणाऱ्या पापिणीचं नाव

राइसाने मला जितका ताप दिला तितका सरकारनेही दिला नाही. सरकारचं एक बरं होतं, ते काय करणार हे आधी कळायचं.

ती ट्राम डेपोत टायपिस्ट, मी दवाखान्यात इंजेक्शनं देणारी. शेजारीपाजारी समजत की आम्ही मावसबहिणी. खरं तर दोघीही संन्यासिनी, दीक्षा घेतली ती एका स्वयंपाकघरात, पडदे ओढून, कारण मठांवर सरकारची बंदी होती. सरकारी कागदावर ती राइसा, दीक्षेत एव्हलाम्पिया. मी कागदावर कापितोलिना, घरी नुसती कापा, दीक्षेत फिओदोसिया. दीक्षेची नावं आमच्या आमच्यातच राहायची. आमचे गुरू फादर पितिरीम कैद्यांच्या छावणीत वारले, तेव्हापासून मी थोरली म्हणून तिला आज्ञा करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. शत्रूवरही अशी वेळ येऊ नये.

गुरूंनी छावणीतून धाडलेली पत्रं एका वहीत उतरवून ठेवली होती. राइसा रोज संध्याकाळी ती टाइप करायची, कार्बन घालून एका वेळी पाच प्रती. भिंतीपलीकडच्या क्लावदियाला टकटक ऐकू जाऊ नये म्हणून मी शेजारी बसून शिवणयंत्र चालवायची, दोरा न ओवता. अकरा वर्षं पाय मारले, पण साधा उशीचा अभ्रा शिवून झाला नाही. क्लावदिया विचारायची, "एवढं शिवता, तरी अंगावर तोच झगा कसा गं?"

हेही मी चालवून घेतलं असतं. पण राइसा प्रत्येक प्रतीच्या शेवटी एक ओळ घालायची: 'चुकलंमाकलं क्षमा करा, लिहिणाऱ्या पापी एव्हलाम्पियासाठी प्रार्थना करा.' जुन्या मठांत पोथ्या उतरवणारे असं लिहीत, म्हणून हिनेही लिहायचं! शेजारच्या गावात एका बाईला असल्याच कागदांपायी तीन वर्षांची कैद झाली होती.

"पत्ताही टाक की," मी म्हणायची. "शोधत फिरायला नको त्यांना."

"पत्ता कशाला? देवाला माहीत आहे."

"मग नावही माहीत आहे त्याला!"

"त्याला आहे गं, कापा. वाचणाऱ्याला नाही ना. मला ना लेक, ना भाऊ. मेल्यावर माझं नाव कोण घेणार?"

"मी घेईन."

"तू?" ती हसली. "तू माझ्या आधी जाशील, इतकी चिडतेस."

पालथ्या घड्यावर पाणी! शेवटी मी कात्री घेतली आणि प्रत्येक प्रतीची तेवढी पट्टी कापून चुलीत घालू लागले. ती नुसती बघत बसायची आणि पुढच्या खेपेला परत तेच लिहायची. एक दिवस माझा संयम सुटला. "आज्ञा आहे माझी. तुझं नाव लिहायचं नाही." आज्ञा म्हटलं की आमच्यात विषय संपला. तिने वाकून "बरं, माते" म्हटलं. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि तपासणंही सोडलं.

चार महिन्यांनी सहज एका प्रतीचं शेवटचं पान उलटलं. 'जिच्या आज्ञेने हे लिहिलं त्या पापी फिओदोसियासाठी प्रार्थना करा.'

"हे काय आहे?"

"तू माझं नाव नको म्हणालीस. तुझं नको असं कुठे म्हणालीस? म्हटलं, निदान तुझं तरी भलं होऊ दे. चिडचिड कमी होईल."

"किती गेल्या बाहेर?"

"वीस."

मी कपाळावर हात मारून घेतला. आगीतून फुफाट्यात! पुढे दोन वर्षं दारावर थाप पडली की मी आधी वही लपवायची. पण धरून न्यायला कुणी आलं नाही. गेली ती राइसाच, फेब्रुवारीत, न्यूमोनियाने, आठ दिवसांत.

चाळिसाव्या दिवशी, आमच्या रीतीप्रमाणे तिच्या आत्म्यासाठी, मी मध घालून गहू शिजवले आणि क्लावदियाला जेवायला बोलावलं. मध्येच दारात एक अनोळखी बाई आली, दूर कारागांदाहून, उरलेली पत्रं न्यायला. मी तिला बोळात नेऊन पुडकं दिलं.

"आम्ही नऊ जणी आहोत," ती कुजबुजली. "रोज सकाळी फिओदोसियाचं नाव घेतो. पण टाइप कुणी केलं ते कुठेच नाही हो. तिच्यासाठी मागायचं तर कोणत्या नावाने?"

आत क्लावदियाचा चमचा वाजत होता. माझ्या जिभेला लपवायचं वळणच पडलेलं. "मला काय ठाऊक?" मी म्हणाले. तिने पुन्हा विचारलं नाही. आमच्यात विचारत नाहीत. ती गेली.

मी परत येऊन ताटावर बसले आणि चमचा खाली ठेवला. माझ्यासाठी नऊ जणी रोज प्रार्थना करत होत्या, आणि तिच्यासाठी माझ्याशिवाय कुणीच नाही. तिची आयुष्यात एवढी एकच मागणी, आणि ती मी कापून जाळत आले. शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काय झालं गं?" क्लावदिया म्हणाली. मी उठले आणि डोक्याला रुमालही न बांधता बर्फातून बसथांब्याकडे धावत सुटले.

बाई बसमध्ये चढली होती. रांगेत वीसेक माणसं उभी, त्यात एक पोलीस.

"एव्हलाम्पिया!" मी जीव खाऊन ओरडले. "एव्हलाम्पिया नाव तिचं! ऐकू आलं का?"

सगळी रांग माझ्याकडे वळून बघू लागली. बस हलली. काचेमागे त्या बाईचे ओठ हलताना दिसले. ती नाव घेत होती.