दाजींनी हृदयाला ताण दिला

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या अक्काचे यजमान, तासगावच्या पुढं द्राक्षबाग करतात. मणी फुगावेत म्हणून घड ज्या संजीवकात बुडवतात, ते दाजी ग्रॅमच्या काट्यावर मोजतात. पानावर एक डाग दिसला, तर सल्लागाराला बोलावतात आणि तो येईपर्यंत त्या पानाशेजारी पाहुण्यासारखे उभे राहतात. आणि हाच माणूस, हाच, स्वतःच्या हृदयाची गोळी कुणाला न विचारता बंद करतो! हे लिहितानाही माझे कान तापलेत.

गेल्या छाटणीच्या आदल्या दिवशी अक्काचा फोन आला. "आत्ताच्या आत्ता ये. ह्यांच्या छातीत धडधडतंय, घाम सुटलाय, आन दवाखान्यात चला म्हटलं तर उठत न्हाईत." मी सांगलीत कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवतो. तास अर्धा टाकून निघालो.

दाजी बागेच्या शेडात खाटेवर बसले होते. एक हात छातीवर, दुसऱ्यात छाटणीची कात्री.

"या पाव्हणं. उगं आलासा. काय झालं न्हाई."

"गोळी घेतली?"

"घट बसल्यापास्नं बंद हाय," मागून अक्का म्हणाली. "आज कळलं मला."

"का बंद केली, दाजी?"

"ताण दिलाय," दाजी म्हणाले. अगदी शांतपणे!

छाटणीआधी बागेचं पाणी तोडतात. वेल तहानलेला ठेवला, की पुन्हा पाणी सोडल्यावर काडीवरचे डोळे जोमानं फुटतात. याला ताण देणं म्हणतात. दाजींचा हिशेब असा, की वर्षभर गोळी खाऊन हृदय सुस्तावलंय, चढाला पाय ओढत नाहीत. तर त्यालाही थोडा ताण द्यावा, म्हणजे छाटणीच्या धबडग्याला ते तरतरीत होईल.

"आवं, हृदय म्हंजे थॉमसन द्राक्षाचा वेल हाय व्हय?" मी एवढ्यानं ओरडलो, की बाहेरचे मजूर आत डोकावले. प्रेक्षक आले म्हटल्यावर मला आवरणं कठीण. मी शेडच्या दारात हात आडवे करून उभा राहिलो.

"ही शेड म्हणजे तुमच्या हृदयाची एक पेशी. हे तिचं दार. राग आला, चढ लागला, की रक्तातून ॲड्रेनलिन येतं आणि दारावर थाप मारतं. ती ऐकून आतला मुकादम उठतो. त्याचं नाव प्रोटीन कायनेज. तो कॅल्शियमच्या झडपांना फॉस्फेट चिकटवत सुटतो. झडपा जास्त उघडतात, कॅल्शियम आत घुसतं, पेशी जोरात आवळते. अशा सगळ्या पेशी मिळून तुमचा ठोका. तुमची गोळी दारात बसून होती. मुकादमाला उगाच उठवू देत नव्हती."

"उठला तर बिघडलं काय? कामच करंल की."

"ऐका तर! वर्षभर थाप कानावर येईना, म्हणून पेशीनं जादा दारं पाडली. आणि तुम्ही एका सकाळी गोळीला हाकललंत! आता ॲड्रेनलिन सगळ्या दारांवर थापा मारतंय, मुकादम पिसाळलाय. तुम्ही खाटेवर बसलाय, पण हृदय डोंगर चढतंय."

दाजींनी पहिल्यांदाच कात्री खाली ठेवली.

"म्हंजे ताण लागू पडलाय की," ते हळूच म्हणाले.

"पडलाय! म्हणूनच घाम सुटलाय! बागेचा हंगाम गेला तर पुढच्या साली परत छाटाल. ह्याचं काय कराल?"

ते उठले. अक्कानं एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या. तासगावच्या दवाखान्यात ईसीजीची पट्टी काढली. ठोके फार वाढले होते, रक्तदाबही चढला होता. झटका मात्र नव्हता. डॉक्टरीणबाईंनी गोळी पुन्हा सुरू केली, दाजींना ठेवून घेतलं आणि माझ्यापेक्षा बऱ्याच कमी शब्दांत झापलं. "थकवा येत होता तर मला सांगायचं. कमी करायची तर मी करीन, बेतानं." माझा संताप मात्र निवेना. बागेसाठी सल्लागार, आणि स्वतःसाठी अंदाज?

दुसऱ्या दिवशी दुपारी दाजींना बरं वाटलं आणि लगेच बागेची आठवण झाली. मला फोन लावायला लावला.

"कात्री चालू हाय," अक्का तिकडून, बागेतून म्हणाली.

"माझ्याबिगर? किती डोळ्यांवर कापताय? सल्लागाराला इचारलं का?"

"न्हाई. माझ्या अंदाजानं कापती. तुमी पडून ऱ्हावा."

दाजींनी फोन माझ्या अंगावर टाकला. दुपारची गोळी घेऊन नर्स दारात उभी होती.

"आणा हिकडं ती," दाजी हात पुढं करून म्हणाले. "लवकर बरं व्हायला पायजे. ही बाई माझी बाग मोडायला बसलीया!"