ओव्याच्या वासाची बाटली

इंग्लंडमधल्या घरगुती झाडपाल्याच्या औषधांचा इतिहास शोधायला मी बहरीनला गेले, असं सांगितलं की लोक हसतात. पण इंग्लंड आमच्या आवाक्यातलं नव्हतं आणि बहरीनला बाबा होते. मी बालवाडीत असताना ते देवरूखजवळच्या आमच्या गावातून एसी दुरुस्तीच्या कामाला तिकडे गेले. माझा एम.ए.चा विषय ऐकून तेच फोनवर म्हणाले, "झल्लाकला एक म्हातारी इंग्लिश मॅडम आहे. तिचा एसी मी बघतो. कुंड्यांतला पाला उकळून औषधं करते. ये तू."

निघताना सरांनी सांगितलं होतं, "पुस्तकातलं पुष्कळ झालं. यातलं एखादं औषध आज कोणी घेतं का, त्याला गुण येतो का, ते बघून ये. त्याशिवाय शेवटचं प्रकरण उभं राहणार नाही."

विमानतळावर बाबा इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. माझ्या डोक्यावर हात ठेवावा की बॅग घ्यावी हे त्यांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी बॅग घेतली. ते सलमाबादला कंपनीच्या खोलीत इतर कामगारांबरोबर राहतात, तिथे मला नेणं शक्य नव्हतं. माझी सोय माहूजला, त्यांच्या कंपनीतल्या श्रीवर्धनच्या एका क्लार्कच्या फ्लॅटमध्ये केली होती. त्या क्लार्कची बायको शमीमभाभी मायेची. "लाजतेस काय गो, घे," म्हणत ताटात मासा वाढायची. तिची मुलं माझं मराठी समजून घेत आणि उत्तर इंग्रजीत देत. मग मीच कमी बोलू लागले.

दिवसा सगळे बाहेर गेले की मी खिडकीत बसायचे. समोर तशाच खिडक्या, बंद. रस्त्यावर उन्हामुळे माणूस दिसत नसे. बाबा याच देशात, गाडीने थोड्या अंतरावर, पण ड्युटी संपली की त्यांचा फोनच यायचा. गावी होते तशीच फोनवरची लेक मी इथेही राहिले. बोलताना मधेच त्यांचा आवाज जायचा. मी "हॅलो, हॅलो" करायचे आणि नेटवर्कला दोष द्यायचे.

शुक्रवारी त्यांनी मला झल्लाकला नेलं. खारट वारा, रिसॉर्टच्या पांढऱ्या भिंती आणि मागच्या गल्लीत मार्गारेटबाईंचं छोटं घर. सत्तरी उलटलेली बाई. पूर्वी इथे नर्स होती, नवरा वारल्यावरही परत गेली नाही. माझं इंग्रजी अडखळत होतं, तरी तिने घाई केली नाही. सावलीतल्या कुंड्या दाखवल्या. थाइमची बारीक पानं चुरगाळून माझ्या नाकाशी धरली. वास थेट ओव्याचा.

"ऐन उन्हाळ्यात हे मरतं," ती म्हणाली. "मग मी मनामाच्या बाजारात हव्वाजकडून (जडीबुटीवाल्याकडून) झातर (थाइमसारखाच इकडचा पाला) आणते. आईच्या हातची चव येत नाही, पण चालतं."

बाबा बाहेर व्हॅनमध्ये थांबले होते. तिथून खोकला ऐकू आला. लांबलचक, आतून ओढल्यासारखा.

"किती दिवस खोकतोय तुझा बाप?" बाईने विचारलं.

मला माहीत नव्हतं.

तिने तेव्हाच थाइम उकळून, गाळून, मध घालून एक बाटली भरली आणि झाकणाला चिकटपट्टी लावली. "डॉक्टरला दाखवायचंच. आणि हे रात्री एक चमचा. माझी आई माझ्या वडिलांना द्यायची."

बाबांनी बाटली हुंगली. "हा तर ओवा गो. साता समुद्रापलीकडे येऊन ओवाच मिळाला." पण बाटली त्यांनी जपून मांडीवर ठेवली.

पुढे शमीमभाभीबरोबर मी त्या हव्वाजकडे गेले. पोत्यांच्या रांगेतून त्याने विचारलं, "खांसी है?"

"नहीं, पढाई है."

"उसकी दवा मेरे पास मफी (नाही)," तो म्हणाला आणि भाभी हसत सुटली. त्या दिवशी मीही हसले.

रोज संध्याकाळी मी फोनवर विचारायचे, "बाबा, काल घेतलंत?"

"घेतलं गो. बरं वाटतंय."

"झोप लागली? डॉक्टरकडे गेलात?"

"लागली. जातो, इंशाल्ला."

मी ते लिहून घेत होते. जुन्या इंग्रज गृहिणी औषधाच्या कृतीशेजारी 'अनुभवसिद्ध' असा शेरा मारत. तसा शेरा मारण्याजोगं आता माझ्याकडेही काहीतरी होतं.

परतीच्या दिवशी बाबांनी दोरीने आवळलेला खोका दिला. "आईसाठी आहे. घरीच उघड." या वेळी त्यांनी डोक्यावर हात ठेवला.

गावी आईने खोका सोडला. दूधपावडर, बाम, साबण, खजूर. तळाशी बाबांच्या जुन्या शर्टात गुंडाळलेली बाटली. झाकणावरची चिकटपट्टीसुद्धा तशीच होती. बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती.

मी फोन लावला.

"तुझी आई पहाटे खोकते ना," बाबा म्हणाले. "फॉरेनचं औषध. तिला दे."

"आणि मला रोज सांगत होतात ते?"

"तुझं पुस्तक अडलं असतं ना गो."

शेवटच्या प्रकरणातून बाबांच्या औषधाचं ते पान मी नंतर काढलं. सरांना खरं ते सांगेन. पण त्या इंग्रज बायकांचा तो शेरा वाचताना आता मला वाटतं, त्यांच्याही घरात कोणी दूर कामाला गेलेला असेल, आणि त्यानेही कळवलं असेल, बरं वाटतंय.

"डॉक्टरकडे कधी जाताय?" त्या दिवशी फोनवर मी विचारलं.

मधेच आवाज गेला, फोनवर हात दाबून धरल्यासारखा. मी हॅलो म्हटलं नाही. फोन कानाशी धरून, त्यांचा खोकला थांबेपर्यंत तशीच बसून राहिले.