जागा असेल तर

दिल्लीला नोकरीवर रुजू व्हायला निघाले तेव्हा बाबा सोबत होते आणि त्यांच्या शर्टाच्या खिशात रेल्वेचा पास होता. आई जबलपूरच्या फलाटावर उभी होती. तिनं खिडकीतून डबा आत दिला, पुऱ्या खालच्या खणात आहेत म्हणून तीनदा सांगितलं, आणि गाडी हलल्यावर हात करायचं विसरून नुसती बघत राहिली.

बाबा रेल्वेत हेडक्लार्क. आमच्या घरात पास ही देवघरातल्या पोथीइतकी जपायची वस्तू होती. कटनी सुटल्यावर तिकीट तपासनीस आला. बाबांनी पासची घडी उलगडून दाखवली आणि तो गेल्यावर माझ्यापुढे धरली. "बेबी, पाहून घे. यावर तुझं नाव आता शेवटचं. कमावती मुलगी पासवर चालत नाही. नियम आहे."

ते रागावून बोलले नव्हते. पण मी बावीस वर्षांची होते, आणि मला वाटलं, बापानं आपल्याला घरातूनच कमी केलं. मी म्हटलं, "मग मी तुम्हाला माझ्या पासवर फिरवीन." बाबा हसले. "विमानवाले काहून पास देतील?"

हे मी लिहितेय ते रेल्वे कॉलनीतल्या तुमच्यासाठी, जे अजून तिथेच आहात, आणि तुमच्यासाठीही, ज्या माझ्यासारख्याच एक बॅग घेऊन बाहेर पडलात. 'फुकट विमानात फिरते' हे दोन्हीकडून ऐकलंय मी. म्हणून ते फुकट कसं असतं, ते एकदा सांगून टाकते.

माझी नोकरी एका विमान कंपनीच्या काउंटरवर. सकाळी स्टाफच्या बसमध्ये चार-पाच कंपन्यांच्या मुली असायच्या आणि गप्पांचा एकच विषय : तुमच्याकडे कोणाकोणाला तिकीट मिळतं? एकीच्या कंपनीत भावंडं चालत. एकीला वर्षातून एकदा पक्की सीट मिळे. एका कंपनीत तर मैत्रिणीचंही नाव देता यायचं. आमच्याकडे आईवडील होते, पण तिकीट 'जागा असेल तर' या प्रकारचं. म्हणजे सगळे प्रवासी चढेपर्यंत काउंटरजवळ उभं राहायचं. सीट उरली तर आपली, नाही तर बॅग उचलून घरी. ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं की या मुली सवलतींची तुलना करत नव्हत्या. कोणाच्या कंपनीला कोण घरचं वाटतं, याची करत होत्या.

घरचं कोण, हा प्रश्न आम्हाला नवा नव्हता. आजोबा अमरावतीहून जबलपूरला आले तेव्हा सगळा एकच प्रांत होता. पुढे राज्यांची फेररचना झाली, अमरावती-नागपूर महाराष्ट्राकडे गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. नागपूरची भावंडं आमच्या 'अच्छा' आणि 'चलो'ला हसत. दिल्लीत विचारत, "मराठी हो? मुंबई से?" जबलपूर म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला : "फिर मराठी कैसे?" मी उत्तर देणं लवकरच सोडलं.

मग लग्न झालं. सुधीर नागपूरचा, दिल्लीतच नोकरीला. लग्नानंतर कंपनीचा नवा फॉर्म आला. त्यात नवरा, मुलं आणि आईवडिलांची एक जोडी. स्वतःचे किंवा जोडीदाराचे, दोन्ही नाही. सासूबाईंनी फोनवर विचारलं, "आमची नावं दिलीस ना?" विचारणं नव्हतंच ते, खात्री होती.

मी माझ्या आईबाबांची नावं लिहिली होती.

त्या चार महिने माझ्याशी बोलल्या नाहीत. सुधीर म्हणाला, "एक वर्ष त्यांची टाकली असतीस तर काय बिघडलं असतं?" मी म्हटलं, "एका पासवरून माझं नाव गेलंय. माझ्या कागदावरून त्यांचं मी काढणार नाही." त्यानं तो विषय सोडून दिला. पटलं म्हणून की कंटाळून, ते मी आजवर विचारलेलं नाही.

त्याच सुमारास परदेशी विमानं नेणाऱ्या एका मोठ्या कंपनीनं बोलावलं. पगार चांगला, जगभर तिकिटं. मुलाखतीच्या शेवटी मी विचारलं, "आईवडील?" समोरच्या बाईंनी कागद पाहून सांगितलं, लग्न झालेल्यांना नवरा आणि मुलंच. मी नाही म्हणून आले. बसमधल्या मुलींनी मला वेड्यात काढलं. काढू दे.

इतकं भांडून मिळवलेल्या त्या तिकिटावर बाबा बसायलाच तयार नव्हते. "सीट पक्की नाही, तो पास कसला?" शेवटी आमच्या कंपनीचं दुपारचं जबलपूर-दिल्ली विमान सुरू झालं आणि आईनं त्यांना तयार केलं. विमान लहान. दोनदा दोघं डुमन्याच्या विमानतळावर जाऊन परत आले. कॉलनीत त्यांची ऑटो थांबली की कोणीतरी विचारायचंच, "क्यों भाभीजी, छूट गया जहाज?"

तिसऱ्या वेळी मी दिल्लीत ड्युटीवर होते. बाबांचा फोन आला. "काउंटरवाले एकच सीट आहे म्हणून राहिले. आम्ही चाललो घरी."

मागून आईचा आवाज आला. "काहून? एक तर आहे ना!"

"अगं, तू एकटी जाशील?"

माझी आई तासाभरावरच्या सिहोऱ्याला सख्ख्या बहिणीकडेही कधी एकटी गेली नव्हती. बसपर्यंत बाबा, उतरून घ्यायला मावसा.  तेवढ्यात काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आंटी, जल्दी बताइए." आणि माझी आई बाबांना म्हणाली, "तुम्ही जा घरी. मी जाऊन राहिली."

बाबांनी फोन ठेवला नव्हता. ती आत गेल्यावर म्हणाले, "गेली गं ती."

दिल्लीत मी आतपर्यंत तिला घ्यायला गेले. वाटलं, रडवेली असेल. ती पदर खोचून, पर्स छातीशी धरून आली आणि म्हणाली, "खिडकी नव्हती मिळाली. शेजारच्या भैयाला म्हटलं, सरका, मला पाहायचंय." मग म्हणाली, "त्या पोरीनं मला नावानं हाक मारली, बेबी. शकुंतला म्हणून. सगळ्यांसमोर, जोरात." जन्मभर ती पासवर 'पत्नी' एवढीच होती.

दुसऱ्या दिवशी बाबा रेल्वेनं आले. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्यांच्याच पिशवीत राहिल्या होत्या. गोळ्या तिच्या हातात देत म्हणाले, "दोघांनी सोबत जायचं असते. असा नियम आहे."

"कोणाचा?" आई म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.

नागपूरला ही बातमी पोचली. पंधरा दिवसांनी सासूबाईंचा फोन आला. "विहीणबाईंना भीती नाही वाटली?" आवाजात राग कमी आणि चौकशी जास्त होती. मी म्हटलं, "तुम्हीपण या, पक्कं तिकीट काढून देते." नको म्हणाल्या. मला वाईट वाटलं, पण फॉर्म मी बदलला नाही. दर वर्षी बदलता येतो. दर वर्षी मी तीच दोन नावं लिहिते.

बाबा निवृत्त झाले, क्वार्टर सुटलं. आता दोघं जबलपुरातच, सदर भागाजवळ, दोन खोल्यांत भाड्यानं राहतात. त्या घरात माझं लहानपण नाही, माझी एक वहीसुद्धा नाही. तरी लोक विचारतात, घर कुठलं, आणि मी जबलपूर म्हटलं की वर सांगतात, सोडून गेलेल्यांनी असं हक्कानं बोलू नये. मी बोलते.

गेल्या हिवाळ्यात आईबाबांकडची सुट्टी संपवून दिल्लीला परतायला मी डुमन्याला गेले. माझंही तिकीट 'जागा असेल तर'चंच. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सॉरी मॅम, फुल है." याच कारणासाठी दिल्लीत मी किती वेळा दात-ओठ खाल्लेत. इथे मात्र मी तिला थँक्यू म्हटलं. तिला वाटलं मला ऐकू आलं नाही, म्हणून तिनं पुन्हा सांगितलं. मी पुन्हा थँक्यू म्हटलं.

घर म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. जिथून निघायला जागा मिळाली नाही तर आनंद होतो, ते. मी साहेबांना फोन करून सांगितलं की उद्या येते, बॅग उचलली आणि सदरला जायला ऑटो केली.