कब्देशच्या पेशी मरत नाहीत

आमच्या कब्देशला सत्तर वर्षं एकच दुखणं होतं: मुकाश. दोघे एकाच साली जन्मलेले, म्हणजे आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे एकमेकांची हवी तेवढी टिंगल करायला मोकळे. मुकाश ती हसून करी, कब्देश जळून. मुकाशची घोडी जास्त दूध देते, हे त्याने कसंबसं गिळलं होतं. पण लहानपणी दोघांनी एकाच छपरावर चढून माळावरच्या चाचण्यांचे अणुस्फोट बघितले, आणि घशातली गाठ मात्र मुकाशला आधी झाली, हे त्याला फार लागलं. मुकाश सेमे शहरातल्या दवाखान्यात पंचवीस वेळा किरणं घेऊन ठणठणीत परतला. मग कब्देशलाही गाठ निघाली. त्याचा चेहरा जरा उजळल्याचं मी पाहिलं.

कब्देशच्या उपचारांआधी तिथल्या डॉक्टर राउशाननं तुलनेसाठी दोघांचंही रक्त नेलं, नळीतच त्यावर किरणं सोडली आणि मेलेल्या पेशी मोजल्या. मुकाशच्या भराभर मेल्या होत्या, कब्देशच्या जेमतेम. निकाल कळताच कब्देशनं मेंढा कापला, गाव जेवायला बोलावलं, मेंढ्याचं डोकं मानानं राउशानपुढे ठेवलं आणि मुकाशला दारापाशी, सगळ्यांत कमी मानाच्या जागी, बसवलं.

"तुझं रक्त पळपुटं रे," तो म्हणाला. "माझं बघ, एक गडी पडला नाही."

राउशाननं सुरी खाली ठेवली. "आजोबा, किरणांनी मोडलेल्या पेशीनं मरायलाच हवं. तिला मरायचा हुकूम देणारी प्रथिनं असतात. तुमची सुस्त दिसतात. मोडक्या पेशी तशाच साचल्या तर पुढे घसा आवळू शकतो. यांना दिला तेवढा डोस एका वेळी तुम्हाला देणार नाही मी."

"मुकाशपेक्षा कमी?" कब्देश उठला. "मग मी येतच नाही. घरी मरतो."

बायको, कुल्याश, चहा ओतता ओतता रडायला लागली. दोन्ही मुलांनी समजावलं, मी समजावलं. म्हातारा भिंतीकडे तोंड करून बसला.

राउशाननं पिशवीतून कागद काढून आकडेमोड केली. मग म्हणाली, "डोस लहान, पण फेऱ्या जास्त. पस्तीस."

कब्देश वळला. "आणि याच्या किती होत्या?"

"पंचवीस."

"सोमवारी निघतो," तो म्हणाला आणि कुल्याशकडे चहा मागितला.

मुकाशचा घास हातातच राहिला. राउशान गाडीत बसेपर्यंत तो तिच्या मागे मागे होता: पोरी, कागद पुन्हा एकदा बघ ना, माझ्या दहा फेऱ्या राहिल्या असतील.